आल्डेटिलचा सिद्ध केलेला पूल

रिंडर्ट वीर्स्मा माझा शेजारी, आणि योगायोगानं एकाच कंपनीतला. तो पुलांची मॉडेलं करायचा आणि मी ती मोडून दाखवायचो. म्हणजे मोडून दाखवण्याचा पगार घ्यायचो. इतक्या वर्षांत मला त्याचं एकही मॉडेल मोडता आलं नाही. दुसऱ्या कुणी शरमेनं नोकरी सोडली असती. मी सोडली नाही, कारण हिवाळ्यात आमच्या कँटीनमध्ये वाटाण्याचं जे सूप मिळतं ते घरी जमत नाही. रिंडर्टलाही माझ्या अपयशाचं काही वाटत नसे. "तू प्रयत्न सोडू नकोस, वीब्रेन," असं तो मनापासून म्हणायचा, आणि ते मला फार लागायचं.

दिसायला उंच, किडकिडीत. केस पिवळे की पांढरे, हे त्या दिवशीच्या उन्हावर अवलंबून. सायकलवर बसला की वारा समोरून असो की मागून, चेहरा तोच. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे गावात कुणी विचारलं नाही, कारण आमच्याकडे असं विचारत नाहीत. फक्त कुणाच्या वाढदिवसाला सगळे खुर्च्यांचा गोल करून बसले की केक खाता खाता कुणीतरी म्हणतं, "रिंडर्टचं आपलं बरं आहे." त्यावर सगळे माना हलवतात आणि विषय पुढच्या वाढदिवसापर्यंत मिटतो.

तो राहायचा आईबरोबर. रेन्स्केकाकू मालवाहू होडीवर जन्मल्या, होडीवरच वाढल्या आणि होडीवाल्याशीच त्यांचं लग्न झालं. नवरा गेल्यावर नाइलाजानं आमच्या गावात, आल्डेटिलला घर घेतलं, पण जमीन त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. "हलत म्हणून नाही मेली," म्हणायच्या. मुलगी हिस्के आईवर गेली. तिनं बापाची होडी ठेवली आणि उन्हाळ्यात तिच्यातून पाहुणे फिरवते. रिंडर्ट मात्र शिकला आणि पुलांकडे गेला. होडीवाल्यांच्या घरात हे म्हणजे लग्नात जाऊन दुसऱ्या पक्षाच्या पंगतीत बसण्यासारखं होतं.

आमच्या गावच्या कालव्यावरचा, होडी आली की उचलला जाणारा जुना लाकडी पूल काढून नवा बसवायचं ठरलं आणि ते काम आमच्याच कंपनीकडे आलं, तेव्हा रेन्स्केकाकूंनी मुलाची चौकशी केली. मी त्यांच्याकडे कॉफीला बसलो होतो.

"मग, पूल बांधतोस म्हणे तू आपला?"

"मी बांधत नाही, आई. मी त्याचं मॉडेल करतो."

"बांधतं कोण?"

"दुसरी माणसं."

"आणि चालवणार कोण?"

"तिसरी. लांबच्या केंद्रात बसून, पडद्यावर बघून."

"मग तू नक्की काय करतोस रे?"

रिंडर्टनं विचार केला. तो प्रत्येक प्रश्नाचा विचार करायचा, कॉफीत साखर हवी का याचासुद्धा. "पुलानं जे करायचं नाही, ते तो करणार नाही हे मी बघतो."

"एवढंच?" काकू माझ्याकडे वळल्या. "हे तर मी याच्या बापाच्या बाबतीत जन्मभर केलं. मला कुणी पगार दिला नाही."

आता हे मॉडेल प्रकरण थोडं सांगायला हवं. पूर्वी पूल आधी बांधत, मग तो चालवणारा प्रोग्राम लिहीत, आणि मग पूल काय काय चुकतो ते पुलाशी उभं राहून बघत. रिंडर्टची पद्धत उलटी. आधी अख्खा पूल कॉम्प्युटरमध्ये घालायचा: फाटकं, दिवे, घंटा, मोटर, कड्या आणि पुलावर कुणी आहे का ते बघणारं यंत्र. यातल्या प्रत्येकाला काय काय करता येतं ते सांगायचं. मग नियम घालायचे. फाटक पडलेलं नसेल तर पूल उचलायचा नाही, पुलावर माणूस असेल तर फाटक पाडायचं नाही, आणि असे शेकडो. पूल चालवणारा प्रोग्राम माणसानं लिहायचाच नाही. कॉम्प्युटर तो या नियमांतून स्वतः काढतो आणि वर सिद्ध करून देतो, की यातला एकही नियम कधी मोडला जाणार नाही. शिवाय हेही, की पूल मध्येच अडकून बसणार नाही, कुठल्याही परिस्थितीतून उघडण्याकडे जाणारी एक तरी वाट असेल. हे दुसरं फार महत्त्वाचं. नुसता सुरक्षित पूल कुणालाही करता येतो. कधीच न उघडणारा पूल अत्यंत सुरक्षित असतो.

आणि हे सगळं खऱ्या पुलाची पहिली खुंटी ठोकायच्या आधी. रिंडर्ट पडद्यासमोर बसून तो पूल दिवसभर उघडायचा आणि मिटायचा. वादळात, धुक्यात, एक दिवा गेलेला असताना, दोन मोटर्स बिघडलेल्या असताना. मी नवनवीन संकटं घेऊन जायचो आणि पूल ती शांतपणे पचवायचा.

फक्त जग कसं वागतं याबद्दल काही गोष्टी गृहीत धराव्याच लागतात. वारा अमुकपेक्षा जास्त नसेल. होडी उडी मारणार नाही. आणि पुलावरचं माणूस कधी ना कधी उतरून जाईल.

"आणि नाही उतरलं तर?" मी विचारलं होतं. हा माझा पगाराचा प्रश्न होता.

"कुठे जाईल? सहा वाजता जेवायला घरी तर जाईल."

आमच्याकडे सहा वाजता गावात कुत्रंही दिसत नाही, सगळ्यांच्या ताटात बटाटे पडलेले असतात. सहा वाजता पुलावर उभा राहणारा माणूस मलाही कल्पनेत आणता आला नाही. मी पुढच्या संकटाकडे वळलो.

भांडण झालं ते एकदाच, आणि तेही बटणावरून. आमचा कामाचा प्रमुख औके याला केंद्रातल्या माणसासाठी एक सक्तीचं बटण हवं होतं. काहीही झालं तरी, नियम बाजूला ठेवून पूल उघडणारं.

"कशासाठी?" रिंडर्टनं विचारलं.

"अडीअडचणीला."

"कुठली अडचण?"

"तेच तर माहीत नाही ना! म्हणून तर बटण!"

"माहीत नसलेल्या अडचणीसाठी बटण दिलं," रिंडर्ट म्हणाला, "की एक दिवस ते कंटाळलेला माणूस दाबतो. आणि तेव्हा पुलावर कुणीतरी असतं."

औकेनं आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. आमच्याकडे कुठलाही निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं होतो, म्हणजे जो सगळ्यात शेवटी दमतो त्याच्या मतानं होतो. रिंडर्ट कधी दमत नसे. बटण गेलं. त्याच बैठकीत ग्राहकांचं, म्हणजे पूल बांधून घेणाऱ्या पालिकेचं, एक म्हणणंही मान्य झालं: पूल उगाच उघडा ठेवायचा नाही. होडी जवळ आली की उघडायचा, गेली की मिटायचा, म्हणजे सायकलवाले खोळंबत नाहीत. यावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

नवा पूल वसंतात सुरू झाला आणि खरोखर नीट चालला. गावकऱ्यांनी तक्रार करायला जागा शोधली, ती मिळाली नाही, म्हणून रंगाबद्दल केली.

उन्हाळ्यात रेन्स्केकाकू खाटेला खिळल्या. खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी लावली होती, तिथून कालवा दिसायचा. एका दुपारी मी सूप घेऊन गेलो तेव्हा हिस्केही आली होती, आणि काकू दोघा मुलांना आपलं शेवटचं कसं करायचं ते सांगत होत्या. अशा गोष्टी त्या किराण्याचं सामान सांगावं तशा सांगायच्या.

"मला चाकांवर घालू नका. गाडी नको, ढकलायचा तो गाडाही नको. पाण्यावरून आले, पाण्यावरून जाईन. हिस्के, होडी तुझी."

"हो, आई."

"घरापासून देवळाच्या धक्क्यापर्यंत. मध्ये याचा पूल येतो." त्यांनी रिंडर्टकडे पाहिलं. "उघडेल ना रे?"

"उघडेल, आई."

"नक्की?"

"सिद्ध केलंय."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि सुपात मीठ कमी आहे म्हणून मला बोलल्या.

त्या गेल्या सप्टेंबरात, एका स्वच्छ, वारा नसलेल्या दिवशी. रिंडर्ट दारात आला आणि म्हणाला, "वीब्रेन, तुम्हा शेजाऱ्यांचं काम आहे." आमच्याकडे मयताचं सगळं शेजारी करतात. निरोप देतात, घड्याळ थांबवतात, खांदा देतात. घरच्यांनी फक्त दुःख करायचं. मी बाकीच्यांना बोलावलं. खांद्याला आम्ही सहा जण ठरलो, त्यांत समोरच्या घरातला ऊबेलेही होता. त्याच्या गुडघ्याचं सगळ्यांना माहीत होतं, पण रेन्स्केकाकू म्हटल्यावर तो ऐकणार नव्हता.

होडीतून मयत नेताना आल्डेटिलमध्ये एक रीत आहे. काठावरचा माणूस असेल तिथे उभा राहतो, टोपी काढतो, आणि मयत त्याच्यासमोरून पुढे जाईपर्यंत हलत नाही की बोलत नाही. पुढे गेलं की मग तो मागून चालू लागतो. मयत यायच्या आत जागा सोडणं म्हणजे गेलेल्या माणसाकडे पाठ फिरवणं. एरवी आम्ही फारसं काही पाळत नाही, देवळातही निम्म्याच लोकांना गाणी येतात, पण हे पाळतो.

जुना लाकडी पूल होता तेव्हा असं मयत असलं की तो सकाळीच उघडून ठेवत. लोक आपोआप दोन्ही काठांवर उभे राहत. नवा पूल होडी जवळ आल्याशिवाय उघडणार नव्हता. त्यामुळे त्या दिवशी तो मिटलेला होता, रुंद होता, आणि तिथून कालवा सगळ्यात छान दिसत होता. सगळं गाव जाऊन पुलावर उभं राहिलं.

वळण घेतल्यावर आम्हाला ते दिसलं. होडीत मध्यभागी काकूंची शवपेटी, तिच्याशेजारी काळ्या कोटातला रिंडर्ट, दोन्ही बाजूंना आम्ही सहा जण, मागे सुकाणूवर हिस्के. आणि समोर, पाण्यापासून जेमतेम हातभर उंचीवर, कठड्याला कठडा लावून अख्खं आल्डेटिल, टोप्या हातात घेऊन.

आम्ही जवळ गेलो. पुलाचा रस्त्याकडचा दिवा लाल झाला. घंटा वाजू लागली. कुणी हललं नाही. बऱ्याच जणांना वाटलं, ही घंटा रेन्स्केकाकूंसाठी खास लावली आहे, आणि त्यांच्या माना आणखी खाली गेल्या.

मग भोंग्यातून आवाज आला. "कृपया पूल मोकळा करा. होडी येते आहे." हा बौके. लांबच्या केंद्रात बसून तो आमच्यासारखे बरेच पूल सांभाळतो. होडी येते आहे हे सगळ्यांना दिसत होतं. त्यासाठीच ते उभे होते. दोन-तीन म्हाताऱ्यांनी भोंग्याकडे असं पाहिलं, की तो माणूस असता तर त्याला गाव सोडावं लागलं असतं.

हिस्केनं इंजिन हळू केलं. होडी जागच्या जागी डुलत राहिली. घंटा वाजतच होती.

"अवस्था बरोबर आहे," रिंडर्ट माझ्या कानात पुटपुटला.

"काय?"

"दिवा लाल. घंटा सुरू. फाटकं वर. माणूस आहे म्हणून थांबलाय. बरोबर आहे."

"रिंडर्ट," हिस्के मागून दबक्या आवाजात म्हणाली, "तुझा पूल माणसं जायची वाट बघतोय. माणसं आई जायची वाट बघतायत. आणि आई तुझ्या पुलाची. आता मी कुणाची वाट बघू तेवढं सांग."

रिंडर्टच्या खिशात फोन थरथरला. बौके होता. आम्ही सगळेच इतके चिकटून उभे होतो, की त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"वीर्स्मा, माणसं हलत नाहीत."

"हलणार नाहीत."

"बरं. मग मी काय करू?"

"तुम्हाला काही करता येणार नाही."

"बटण नाहीच ना एखादं?"

"नाही."

"नाही, ते मला माहीत आहे. शिकवताना तुम्हीच सांगितलं होतं. फार चांगलं समजावलं होतं तुम्ही." मग बौकेनं विचारलं, "त्या पेटीत कोण आहे?"

"माझी आई."

"अरेरे," बौके म्हणाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बहुधा तोही उभा राहिला.

इतकी वर्षं मला जे जमलं नव्हतं ते रेन्स्केकाकूंनी पेटीत पडल्या पडल्या केलं होतं. पण मला त्याचा आनंद होईना. एक तर मॉडेल मोडलंच नव्हतं. जसं चालायला हवं तसंच ते चाललं होतं. आणि दुसरं म्हणजे मी रिंडर्टचं तोंड पाहिलं. तो पुलाकडे बघत नव्हता. पेटीच्या झाकणावर हात ठेवून उभा होता. आईनं आयुष्यात त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, ती त्याच्या धंद्यातली, आणि त्यानं नक्की म्हणून सांगितलं होतं. मला त्याची फार दया आली.

"तू सांग ना त्यांना," मी कुजबुजलो. "घरच्या माणसानं सांगितलं तर हलतील."

"हलतील," तो म्हणाला. "आणि मेल्यावर आईकडे पाठ फिरवायला तिच्या मुलानंच लावली, हे त्यांच्या मनात राहील. माझ्याही."

"मग बसू इथेच? सहाला सगळे जेवायला जातील म्हणून?" हे मी रागानं बोललो. मयताच्या होडीत बोलायचं नसतं, आणि मी तर टोमणा मारला. पण रिंडर्टला टोमणा कळतच नाही. त्यानं त्या प्रश्नाचाही विचार केला. मग तो पुलाकडे बघू लागला, पण नेहमीसारखा नाही. एरवी तो पूल बघायचा. आता पुलावरची माणसं बघत होता, एकेक करून.

"आई समोरून गेली की ते चालू लागतील," तो म्हणाला.

"अरे पण ती जाणार कशी?" हिस्के म्हणाली.

"पुलावरून."

"चाकांवर नको म्हणाली होती ती."

"खांद्याला चाकं नसतात."

"आणि पाणी? पाण्यावरून म्हणाली होती, रिंडर्ट! तू होतास ना तिथे?"

"पलीकडे गेलो की पुन्हा होडीत. पूल मोकळा झाला की तो उघडेल. तू होडी घेऊन ये."

हिस्केनं सुकाणू काठाकडे वळवलं. ती थोरली; लहानपणापासून त्याला वेड्यात काढायचा हक्क तिचाच. "एवढं शिकून," ती शेवटी म्हणाली, "आईला होडीतून काढायचं आणि होडीत घालायचं," आणि तिनं होडी काठाच्या धक्क्याला लावली.

धक्का उंच होता. पेटी वर घेताना ऊबेलेच्या गुडघ्यानं कट्ट असा आवाज केला आणि तो तिथेच होडीच्या फळीवर बसला. उठेना. आम्ही पाच जण पेटी धरून, एक कोपरा लटकता. पुढचा डावा.

रिंडर्ट पुढे आला.

"घरच्यानं खांदा द्यायचा नसतो," ऊबेले वेदनेतही म्हणाला.

"माहीत आहे," रिंडर्ट म्हणाला आणि पुढचं डावं टोक खांद्यावर घेतलं.

आम्ही चालू लागलो. पुलावरच्या लोकांना हे अपेक्षित नव्हतं. मयत पाण्यातून यायचं ते रस्त्यानं येत होतं. पण रीत त्यांना ठाऊक होती: उभं राहायचं, पुढे गेलं की मागून चालायचं. त्यांनी दोन्ही बाजूंना सरून वाट दिली. काकू ज्याच्या समोरून गेल्या तो टोपी छातीशी धरून मागे लागला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. न बोलता, न ढकलता पूल झाडून काढल्यासारखा मोकळा होत गेला. वरून घंटा वाजत होती. माझ्या पुढे रिंडर्ट. त्याचा उजवा गाल पेटीला लागला होता आणि पाठ ताठ होती.

पलीकडे उतरून आम्ही थोडं पुढे थांबलो. पेटी थडग्यापर्यंत जमिनीला टेकवायची नसते, म्हणून ती खांद्यावरच. तोंडं देवळाकडे. लोक आमच्याभोवती जमले. सगळे उतरले होते, फक्त श्रीमती पोस्मा राहिल्या होत्या. त्या वॉकर घेऊन चालतात, चार पावलं टाकून थांबतात, आणि कुणी हात दिलेला त्यांना चालत नाही. पूल त्यांच्यासाठी थांबला. आम्हीही थांबलो. माझ्या खांद्यातून कळ येत होती. रेन्स्केकाकू आयुष्यभर लोणी खाल्लेल्या बाई होत्या.

"इथून देऊळ काही लांब नाही," मागचा एकजण हळूच म्हणाला. "असेच खांद्यावर नेऊ. काय हरकत आहे?"

"पाण्यावरून," रिंडर्ट म्हणाला.

श्रीमती पोस्मांचं मागचं चाक पुलावरून उतरलं. घंटेचा सूर बदलला.

सगळं गाव वळून पुलाकडे बघू लागलं. मीही मान जितकी वळेल तितकी वळवली. दोन्ही फाटकं एकदम खाली आली. आत कुठेतरी कड्या सुटल्या. मग अख्खा पूल, ज्यावर क्षणापूर्वी सगळं गाव उभं होतं, तो आवाज न करता उठला आणि आकाशात ताठ उभा राहिला. होडीसाठीचा दिवा हिरवा झाला. मी तो पूल कॉम्प्युटरवर इतक्या वेळा उघडताना पाहिला होता की मोजणं सोडलं होतं. तरी मी मानेची कळ विसरून बघत राहिलो. आणि त्या उघड्या पुलाखालून हिस्के आली, सुकाणू धरून, हनुवटी वर करून. होडीच्या मध्यभागी, जिथे पेटी होती तिथे, ऊबेले एकटाच पाय लांब करून बसला होता. लोकांना कळेना की टोपी घालायची की नाही. त्यांनी नाही घातली. ऊबेलेनं सगळ्यांना मान लववली.

होडी धक्क्याला लागली. आम्ही काकूंना पुन्हा पाण्यावर घेतलं आणि देवळापर्यंत नेलं. मागे काठाकाठानं सगळं गाव चालत आलं. पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं.

नंतर देवळामागच्या खोलीत कॉफी आणि साखरेचा पाव होता. दुःखाच्या घरी काय बोलायचं हे आमच्या लोकांना समजत नाही, पण त्या दिवशी प्रत्येकाकडे बोलायला काहीतरी होतं. जो तो येऊन रिंडर्टचा हात हातात घेऊन म्हणायचा, "पूल छान उघडला." दोन बायकांनी घंटेबद्दल त्याचे आभार मानले. औके शहरातून आला होता. तो बटणाबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि हे त्याच्याकडून मोठंच झालं. रिंडर्ट सगळ्यांना "आभारी आहे" म्हणत होता.

ऊबेले पाय खुर्चीवर ठेवून बसला होता. रिंडर्ट त्याच्याजवळ पोचला तेव्हा त्यानं त्याला शेजारी बसवूनच घेतलं.

"माझ्यासारखं कुणालाच दिसलं नसेल," ऊबेले म्हणाला. "मी थेट खाली होतो ना. केवढा तो! आधी पूल उचलला गेला असा, सावकाश, आणि मग दोन्ही बाजूंची फाटकं खाली आली, आणि मग..."

मी कप खाली ठेवला. आधी पूल, मग फाटकं! या एका क्रमासाठी रिंडर्टनं आयुष्याची वर्षं घातली होती. तोंडात घास असतानासुद्धा त्यानं अशी चूक कुणाची सोडली नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं.

"असेल," रिंडर्ट म्हणाला. "पुढे?"

"पुढे काय, हिरवा दिवा. पण तू काय मला विचारतोस? तू तर तिथेच उभा होतास!"

"मी पाहिलं नाही."

"सगळं गाव बघत होतं रिंडर्ट! लहान पोरंसुद्धा. तुझाच पूल, आणि तू कुठे बघत होतास?"

रिंडर्टनं विचार केला. त्याचा उजवा गाल अजून लाल होता, पेटीच्या कडेचा वळ त्यावर उमटला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

"खांद्यावर आई होती ना," तो म्हणाला. "मान वळत नव्हती."

ऊबेलेनं किटली ओढली आणि रिंडर्टचा कप पुन्हा भरला.